हृदयातलं छिद्र : ऑक्सिजन ९८ आहे म्हणून निश्चिंत होऊ नका

मुलाच्या हृदयातलं छिद्र बंद करायला पैसा हा आता पूर्वीइतका मोठा अडसर राहिलेला नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि त्याची सुरुवातच आपल्या पालघरमधून झाली. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत, शाळेत तपासणी होते, दोष सापडला तर उपचार मोफत. परळला केईएम आणि वाडिया आहेतच. तरीही काही मुलं उशिरा पोहोचतात. अडतं ते आजार ओळखण्यात.

कोविडनंतर गिरगाव-लालबागच्या कितीतरी घरांत ऑक्सिमीटर आला. पालक विचारतात, "डॉक्टर, ऑक्सिजन ९८ आहे, मग छिद्र कसं असेल?" असू शकतं. हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब उजवीपेक्षा जास्त असतो. त्यामुळे साध्या छिद्रातून शुद्ध रक्त उजवीकडे जातं आणि पुन्हा फुफ्फुसात फिरतं. शरीराला मिळणारं रक्त शुद्धच राहतं. बाळ निळं पडत नाही. पण छिद्र मोठं असेल तर दूध पिताना ते धापा टाकतं, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, सारखा न्यूमोनिया होतो. घरात कोणीतरी म्हणतं, दात येताहेत. (लहान छिद्रं बऱ्याचदा आपोआप बंद होतात, तेव्हा निदान ऐकून लगेच धास्तावू नका.)

मोठं छिद्र तसंच राहिलं तर जादा रक्ताच्या माऱ्याने फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं जाड आणि अरुंद होत जातात. तिथला दाब इतका चढतो की प्रवाहच उलटतो आणि अशुद्ध रक्त थेट शरीरात जाऊ लागतं. ओठ-नखं निळी होतात, ऑक्सिजन ८५ किंवा त्याखाली येतो. व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ मध्ये अशा रुग्णाचं वर्णन केलं, म्हणून या अवस्थेला त्यांचं नाव आहे. आता छिद्र बंद करणंच धोक्याचं ठरतं, कारण वाढलेला दाब बाहेर पडायला तीच एक वाट उरलेली असते. मग योजनेत ५ लाख असोत की ५० लाख.

काही मुलांचा ऑक्सिजन मात्र सुरुवातीपासूनच कमी असतो. फॅलोज टेट्रालॉजीत छिद्राच्या जोडीला फुफ्फुसाकडे जाणारा रस्ताही अरुंद असतो. अशी मुलं रडताना निळी पडतात, खेळता खेळता उकिडवी बसतात. त्यांची शस्त्रक्रिया वेळेत झाली तर बहुतेक चांगली वाढतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ऑक्सिमीटर पकडू शकतो : जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला लावायचा, आकडा ९५ च्या खाली किंवा फरक ३ पेक्षा जास्त राहिला तर टूडी इको. अमेरिकेने २०११ मध्ये ही चाचणी नवजात तपासणीच्या राष्ट्रीय यादीत घेतली. आपल्याकडे प्रत्येक प्रसूतिगृहात ती सक्तीची हवी, असं माझं मत आहे.

साध्या छिद्राला मात्र स्टेथोस्कोपच लागतो. जन्मतः फुफ्फुसातला दाब जास्त असल्याने छिद्राचा आवाज बऱ्याचदा ऐकू येत नाही, काही आठवड्यांनी येतो. म्हणून दीड महिन्याच्या लसीला बाळाला नेलंत की डॉक्टरांकडून छातीही तपासून घ्या, आणि आवाज वेगळा वाटला तर टूडी इको पुढे ढकलू नका.