शेवटच्या गिधाडाची तारीख

शेवटचे गिधाड कधी पाहिले, असे कोणी विचारले तर मला तारीख सांगता येत नाही. जागा मात्र नेमकी आठवते. म्हसवडहून दहिवडीकडे येताना रस्त्यालगतच्या माळावर एक मेलेला बैल पडला होता आणि त्याच्याभोवती सात-आठ गिधाडे होती. मी पशुवैद्यक. सारे आयुष्य माण-खटाव आणि जत-आटपाडीच्या गोठ्यांतून गेले. ते दृश्य तेव्हा रोजचेच होते, म्हणून मी गाडी थांबवली नाही. ही शेवटची भेट आहे हे कळले असते, तर नक्की थांबलो असतो.

काही प्राण्यांच्या अखेरची तारीख इतिहासात नोंदलेली आहे. अमेरिकेतले प्रवासी कबुतर एके काळी अब्जावधींच्या संख्येने होते. त्यातली शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. टास्मानियातला शेवटचा पट्टेदार थायलसीन ७ सप्टेंबर १९३६ रोजी होबार्टला गेला. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात संस्थानी काळात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. तो चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. त्याआधी १९४७ मध्ये, आज छत्तीसगडमध्ये असलेल्या कोरिया संस्थानात तीन चित्ते गोळीला बळी पडले होते. ती त्यांची शेवटची खात्रीची नोंद मानली जाते.

या सगळ्या गोष्टींत बंदूक, सापळा किंवा कुऱ्हाड दिसते. गिधाडाच्या गोष्टीत असे काहीच दिसत नाही. ते जगातून अजून संपलेले नाही. पण आपल्या माळावरून गेले, आणि ते सुईने गेले.

आपल्याकडे मुख्यतः दोन जातींची गिधाडे असत. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडांवर घरटे करी, तर लांब चोचीचे सह्याद्रीच्या कड्यांवर. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची १९८० च्या दशकात जगातल्या सर्वांत विपुल मोठ्या शिकारी पक्ष्यांत गणना होत असे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली त्याची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारांतले एक उरले. लांब चोचीच्या गिधाडांतही शंभरातली सुमारे तीनच राहिली. आधी संशय साथीच्या रोगाचा होता. खरे कारण २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले: डायक्लोफिनॅक.

हे नाव वाचकांना नवे नसेल. कंबर धरली, गुडघा दुखला की आपण घेतो तेच वेदनाशामक. १९९० च्या दशकात ते स्वस्त झाले आणि जनावरांसाठी सर्रास वापरात आले. ज्या जनावराला ते टोचले ते पुढच्या दोन-तीन दिवसांत मेले आणि उघड्यावर टाकले, तर औषधाचा अंश मांसात राहतो. गाई-म्हशीला त्याचा त्रास नाही. गिधाडाची मूत्रपिंडे मात्र त्याने निकामी होतात, रक्तात युरिक आम्ल वाढते आणि त्याचे पांढरे थर काळजा-यकृतावर साचतात. पक्षी काही दिवसांत मरतो. त्यातही एका मढ्यावर पन्नास-साठ गिधाडे उतरत असल्यामुळे शंभरातले एकापेक्षाही कमी मढे विषारी असले, तरी सगळी संख्या कोसळायला ते पुरेसे होते. मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षे लागतात. हा तोटा भरून निघणार कसा?

ते इंजेक्शन मीही दिले आहे. गाईला दगडी झाली, म्हणजे कासदाह झाला, बैलाच्या खांद्याला सूज आली, लाळ्या-खुरकुतीत जनावर उभे राहीना, की ते हमखास दिले जाई. तासा-दोन तासांत ठणका कमी होई, जनावर वैरणीला तोंड लावी, मालकाचा चेहरा फुले. त्या काळात कोणालाच याची कल्पना नव्हती, हे खरे. पण अजाणतेपणी झालेल्या चुकीचाही हिशेब द्यावा लागतो.

तो हिशेब केवळ पक्ष्यांचा नाही, म्हणूनच आरोग्याच्या सदरात हा विषय घेतला. गिधाडांचा थवा आख्खा बैल तासाभरात साफ करी. त्यांच्या जठरातले आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच संपतात. ती गेली आणि मढी ओढ्याकाठी कुजू लागली. त्यांच्यावर कुत्री पोसली गेली. कुत्री वाढली की चावेही वाढतात, आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गिधाडे पूर्वी भरपूर असलेले जिल्हे आणि नसलेले जिल्हे यांच्या मृत्युदराची त्यांनी तुलना केली. गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. अंदाज म्हणजे मोजदाद नव्हे. त्यावर वाद होऊ शकतो. पण आकडा निम्मा धरला तरी अंगावर काटा येतो. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारा म्हणून आपण ज्याला हिणवले, तो फुकटात गावाचे आरोग्य सांभाळत होता.

सरकारने काही केले नाही असे नाही. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचू लागल्या, म्हणून २०१५ मध्ये ती कुपी ३ मिलीपुरती मर्यादित केली गेली. जनावरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकवर २०२३ मध्ये बंदी आली. अॅसिक्लोफिनॅकचे तर गाईच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होते. त्यानंतर निमेसुलाइडही बंद झाले. माझा आक्षेप इथे आहे. दर वेळी औषध आधी बाजारात येते, पक्षी मरतात, अभ्यास होतो, आणि मग बंदी. पहिल्या आणि दुसऱ्या बंदीत सतरा वर्षे गेली. जनावरांसाठीचे कोणतेही नवे वेदनाशामक गिधाडांना निर्धोक आहे, हे विक्रीच्या परवान्याआधी सिद्ध झालेच पाहिजे. ती जबाबदारी औषध बनवणाऱ्याची असावी.

‘आता इकडे गिधाडेच नाहीत, मग कुठलेही औषध दिले तर बिघडते काय?’ असे मला अनेकदा ऐकवले जाते. प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण गिधाडाला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. दिवसाला शंभर किलोमीटरचा पल्ला त्याला जड नाही. घाट उतरले की कोकण. रायगड जिल्ह्यात काही गिधाडे तग धरून आहेत आणि स्थानिक लोकांनी त्यांच्या घरट्यांची राखण केली आहे. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढलेली गिधाडे २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. उद्या त्यांतले एखादे कोयनेच्या खोऱ्यावरून माणदेशात आले, तर त्याच्या पुढ्यात आपण काय ठेवणार आहोत?

करायचे ते अवघड नाही. मेलोक्सिकॅम आणि टोल्फेनामिक आम्ल ही दोन औषधे गिधाडांना सुरक्षित ठरली आहेत आणि जनावरांचा ठणका त्यांनीही थांबतो. दवाखान्यांनी आणि दूध संघांच्या पशुवैद्यकांनी तीच वापरावीत. माणसांच्या दुकानातून आणलेले इंजेक्शन गोठ्यात नेऊ नये. उपचार चालू असताना मेलेले जनावर ओढ्यात न टाकता खोल पुरावे. त्यासाठी ग्रामपंचायतीने जागा आणि खड्डा काढायची सोय करावी. आणि कुत्रे चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच लसीसाठी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावत बसू नये.

इतक्या वर्षांत मला गोठ्यात शेकडो प्रश्न विचारले गेले. गाय उठेल का, दूध कधी येईल, पैसे किती झाले? ‘डॉक्टर, हे इंजेक्शन कुठलं?’ असे मात्र एकानेही विचारले नाही. तेव्हा विचारून उपयोग नव्हता, कारण उत्तर मलाही ठाऊक नव्हते. आज ते ठाऊक आहे. पुढच्या वेळी डॉक्टर सिरिंज भरू लागले, की एवढे एकच विचारा.