‘झाली का?’ हे नाव बदलणार नाही

‘झाली का?’ या प्रश्नात कर्ताच नाही. काय झाली, ते विचारणारा सांगत नाही आणि ऐकणाऱ्यालाही विचारावं लागत नाही. मराठी घरात हा प्रश्न बाळाला दिवसातून चारदा विचारतात आणि आजोबांना रोज सकाळी एकदा. मधली पन्नास-साठ वर्षं कुणी कुणाला विचारत नाही. शाळेत नाव घातल्यापासून पेन्शन सुरू होईपर्यंत माणसाला आतडी नसतातच जणू.

मी आणि माझ्या आत्यानं मिळून लिहिलेल्या पुस्तकाचं हेच नाव आहे. पुस्तक पाककृतींचं आहे. बासष्ट पदार्थ, सगळे पोट वेळच्या वेळी साफ व्हावं म्हणून. आत्यानं पुण्यात वीस वर्षं खानावळ चालवली. पाककृती तिच्या, टायपिंग माझं, विनोद अर्धे-अर्धे. गेल्या वर्षभरात तीन प्रकाशकांनी हस्तलिखित वाचलं. तिघांना पाककृती आवडल्या, तिघांनी नाव बदलायला सांगितलं. एकानं ‘निरामय आहार’ सुचवलं. दुसरे म्हणाले, विनोद काढा, महिन्याभरात छापतो. तिसऱ्यांचं म्हणणं, असं पुस्तक कुणी वाढदिवसाला भेट देणार नाही.

तिघेही सभ्यपणे बोलले. पण तिघांच्या मनात एकच समजूत होती: या विषयावर बोलायचं तर गंभीर चेहऱ्यानं, संस्कृत शब्दांत आणि हळू आवाजात. ही समजूत मला मान्य नाही. ती शिष्टाचाराच्या नावाखाली लोकांना आजारी ठेवते.

आधी शरीराचं बघू. जेवण पोटात पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, आणि ही हालचाल सकाळी सगळ्यात जोरकस असते. म्हणजे नाश्त्यानंतरची वीस मिनिटं ही निसर्गानं दिलेली वेळ. आपण तेव्हा काय करतो? कॅब पकडतो. साडेनऊच्या स्टँडअपमध्ये काल काय केलं आणि आज काय करणार ते सांगतो. आलेली हाक ‘नंतर’ म्हणून परतवली की आतडं मलातलं पाणी शोषत राहतं आणि तो कडक होतो. रोज परतवली तर हाकच मंद होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय याच विषयावर आहे; ‘नवेगान्धारणीय’ हे त्याचं नावच. रोखू नयेत असे तेरा वेग तिथे मोजलेत. ढेकर, जांभई आणि अश्रूंच्या बरोबरीनं मलाचाही वेग आहे. चरकाला लाज वाटली नाही. आपल्याला मात्र मीटिंगमधून उठताना ‘एक कॉल आहे’ असं खोटं बोलावं लागतं.

बायकांचं गणित आणखी वाईट. बाहेर स्वच्छ संडास मिळेल याची खात्री नाही, म्हणून पाणीच कमी प्यायचं. मुंबईत ‘राइट टू पी’ची मोहीम २०११मध्ये उभी राहिली ती काही हौस म्हणून नाही. दिवसभर घोटभर पाण्यावर काढणाऱ्या बाईला ‘आहारात तंतुमय पदार्थ वाढवा’ असं लिहिलेलं पत्रक देणं म्हणजे पाणी नसलेल्या नळाला तोटी बसवणं.

आता भाषेचं. प्रकाशकांना माझ्या पुस्तकातला ‘हगणं’ हा शब्द खुपला. ‘मलविसर्जन’ चालेल म्हणाले. हाच शब्द महाराष्ट्र शासनाला कधीच खुपला नाही. ‘हागणदारीमुक्त गाव’ असे फलक राज्यभर लागले. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या माणसांना गाठायला ‘गुड मॉर्निंग पथकं’ फिरली. म्हणजे शब्द अश्लील नाहीच. तो कुणाबद्दल वापरायचा, एवढंच ठरलेलं आहे. गावातला गरीब माणूस हगतो, आणि त्याला चारचौघांत लाजवणं हा सरकारी कार्यक्रम होऊ शकतो. चारशे रुपयांचं पुस्तक विकत घेणारा माणूस मलविसर्जन करतो. मला ही विभागणी मान्य नाही, म्हणून आमच्या पुस्तकात सगळे एकच क्रियापद वापरतात.

या कुजबुजीचा फायदा कुणाला होतो तेही बघा. जे मैत्रिणीला विचारता येत नाही ते माणूस रात्री फोनवर शोधतो. समोर येतात ‘डिटॉक्स’ चहा, ‘गट क्लीन्स’ आणि एका रात्रीत पोट हलकं करणारी चूर्णं. पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला चिमटा काढून काम करून घेते. अधूनमधून ठीक, पण वैद्याला न विचारता वर्षानुवर्षं घेण्याची ती गोष्ट नाही. डब्यावर हे बारीक अक्षरात असतं आणि हसरं कुटुंब मोठ्या चित्रात. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी शौचातून रक्त पडतंय हे आठ महिने घरात सांगितलं नाही. मूळव्याध असेल म्हणून चूर्ण घेत राहिल्या. तपासणी झाली तेव्हा उपचार बरेच लांबले होते. त्यांना माहिती कमी नव्हती, हा विषय काढायला तोंड नव्हतं.

विनोद हवा तो इथे. जर्मनीत जुलिया एंडर्स या वैद्यकीय विद्यार्थिनीनं २०१४ साली आतड्यांवर एक खेळकर पुस्तक लिहिलं, बहिणीनं त्यात चित्रं काढली, आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. आपल्याकडे ‘पिकू’ २०१५मध्ये आला. बापाच्या बद्धकोष्ठावर बेतलेला सिनेमा लोकांनी घरच्यांसोबत बसून बघितला. मग स्वयंपाकघरातच सोवळं कशाला? कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७० साली वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक शिकवला, कारण त्या मापात घरं चालतात. घरं ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत पोटाबद्दल लिहिणं हे त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे.

आमच्या पुस्तकातले विनोद काम करतात. काही उदाहरणं देते.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, तंतू नावालाच. हे वाक्य कुणी लक्षात ठेवत नाही. आत्यानं लिहिलंय, ‘साबुदाणा आत जातो आणि तिथेच चातुर्मास करतो.’ हे विसरता येत नाही. त्याखाली उपवासाचे पर्याय आहेत: राजगिऱ्याची भाकरी, रताळ्याचा कीस.

पेरूची कोशिंबीर: पिकत आलेला पेरू बियांसकट चिरून त्यात दही, दाण्याचं कूट, मीठ, साखर, वरून हिरव्या मिरचीची फोडणी. तळटीप: ‘बिया काढणाऱ्यानं पुस्तक परत करावं.’

अळूच्या फदफद्याला विनोदाची गरज पडली नाही. नाव पुरलं.

ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १० ग्रॅम तंतू असतात, पॉलिश केलेल्या तांदळात तीनच्या आत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम सांगते. पण भाताकडून भाकरी-उसळीकडे एकदम उडी मारली तर पोट फुगतं. म्हणून पहिल्याच पानावर सूचना आहे: ‘हळूहळू वाढवा, पाणी भरपूर प्या. एकदम वाढवलंत तर घरचे दुसऱ्या खोलीत झोपतील.’

ब्रिस्टल विद्यापीठातल्या डॉक्टरांचा मलाचे सात प्रकार दाखवणारा तक्ता १९९७मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर तो आजही वापरतात. आम्ही त्याला देशी नावं दिली. पहिला प्रकार ‘बकरी’, सातवा ‘पावसाळा’ आणि मधला, चौथा, ज्याची सगळ्यांनी आस धरावी, तो ‘राजमान्य राजेश्री’. माझ्या ऑफिसातल्या दोन मुली आता एकमेकींना सकाळी ‘राजेश्री आले का?’ असं मेसेज करून विचारतात. ‘मलविसर्जन झालं का?’ असं विचारायला त्या जन्मात धजल्या नसत्या.

एकाच पानावर विनोद नाही. रक्त, विनाकारण घटणारं वजन, अचानक बदललेली सवय, सहन न होणारी पोटदुखी: यातलं काहीही असेल तर पुस्तक मिटा आणि डॉक्टरांकडे जा.

आक्षेप दोन आहेत. पहिला, हा पाचकळपणा आहे. पाचक आणि पाचकळ यांत एका ‘ळ’चा फरक आहे, आणि आम्ही तो सांभाळला आहे. नियम साधा: त्रास असलेल्या माणसावर विनोद नाही. विनोद साबुदाण्यावर, संकोचावर आणि आमच्या स्वतःवर.

दुसरा आक्षेप जड आहे. एका मित्रानं विचारलं, ‘ज्यांच्या घरच्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचं उचलावं लागलं, त्यांनी यावर हसायचं का?’ मानवी मैला वाहून नेण्याविरुद्ध १९९३मध्ये कायदा झाला, २०१३मध्ये पुन्हा करावा लागला, आणि गटारात गुदमरून माणसं अजून मरतात. त्यांनी हसावं असं मी कुणाला सांगणार नाही. पण ज्या सोवळ्यामुळे आपण ही गोष्ट तोंडानं उच्चारत नाही, त्याच सोवळ्यानं ती हातानं उचलायचं काम एका जातीवर ढकललं. फ्लश ओढला की विषय संपला, ही सवय तिथूनच आली. म्हणून शेवटचं प्रकरण ‘पुढे कुठे जातं?’ असं आहे. सेप्टिक टाकी, तिच्या उपशाचं यंत्र आणि टाकीत माणूस उतरवणं गुन्हा का आहे, हे त्यात आहे. ‘निरामय आहार’ नावाच्या पुस्तकात या प्रकरणाला जागाच नसती.

पुस्तक आता आम्हीच छापतोय. पाचशे प्रती, पिवळं मुखपृष्ठ, त्यावर मोठ्या अक्षरात नाव आणि प्रश्नचिन्ह. पुस्तकविक्रेत्यांना एकच विनंती आहे: ते ‘आरोग्य’च्या फळीवर मागे सरकवू नका. स्वयंपाकाच्या पुस्तकांत, दिवाळीच्या फराळाशेजारी ठेवा. फराळानंतर त्याची गरज लागतेच.