हत्ती विकला, पण माहुताची भाषा लपविली!



तुमच्या शाळेच्या संगणक-कक्षात कोपऱ्यातल्या टेबलाखाली कधी डोकावून पाहिले आहे का? धूळ खात पडलेला एखादा स्कॅनर किंवा प्रिंटर तेथे बहुधा सापडेल. सरांना विचारा, "सर, हा बिघडलाय का?" पुष्कळदा उत्तर मिळेल, "बिघडलेला नाही रे, नव्या संगणकावर चालत नाही, एवढंच." म्हणजे काय गंमत आहे पहा! दिवा लागतो, मोटार फिरते, काच शाबूत आहे. तरीही वस्तू भंगारात जमा. हे कोडे काय आहे आणि त्यात ग्राहकावर अन्याय होतो असे मला का वाटते, ते आज सांगणार आहे.

हत्तीची ताकद सर्वांना दिसते, पण तो चालतो माहुताच्या खुणांवर. मानेवर बसलेला माहूत पायाच्या अंगठ्याने कानामागे टोचतो, एखादा शब्द उच्चारतो आणि तो अजस्र प्राणी बसतो, उठतो, ओंडका उचलतो. समजा, कोणी तुम्हाला हत्ती विकला, पण त्या खुणा मात्र सांगितल्या नाहीत. हत्ती तुमच्या अंगणात उभा राहील, चारा खाईल. काम मात्र करणार नाही.

संगणकाला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचे असेच असते. उपकरणाच्या आत क्रमांक दिलेले छोटे छोटे कप्पे असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. एका कप्प्यात ठरावीक आकडा टाकला की स्कॅनरचा दिवा लागतो, दुसऱ्यात टाकला की मोटार एक पाऊल पुढे सरकते. काम संपले की उपकरण संगणकाला 'झाले' अशी सूचना पाठवते. कोणत्या कप्प्यात कोणता आकडा टाकल्यावर काय घडते, हे प्रत्येक उपकरणाचे निराळे असते. ते जाणणारी जी आज्ञावली, तिला ड्रायव्हर किंवा चालक म्हणतात. हाच आपला माहूत! संगणकाचा सारा कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टिम नुसते म्हणते, "हे पान टिपून घे." त्या हुकमाचे आकड्यांत भाषांतर चालक करतो.

ही कल्पना साधी वाटली तरी तो एक मोठा शोध आहे. १९८० च्या दशकात डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्या संगणकांवर लेखनाच्या प्रत्येक कार्यक्रमाला निरनिराळ्या प्रिंटरांची भाषा स्वतःच शिकून घ्यावी लागे. नवा प्रिंटर आला की प्रत्येक कार्यक्रमाच्या कर्त्याला पुन्हा खटाटोप. पुढे ही कामगिरी ऑपरेटिंग सिस्टिमने आपल्याकडे घेतली: एका उपकरणाला एक चालक, आणि सर्व कार्यक्रमांनी त्याच्याशीच बोलायचे. केवढे श्रम वाचले! पण त्याबरोबर एक नवी किल्ली निर्माण झाली, आणि ती बहुतेक वेळा उपकरण बनविणाऱ्याच्याच खिशात राहिली.

आता शाळेतल्या स्कॅनरकडे परत येऊ. त्याचा चालक ३२-बिट पद्धतीच्या विंडोजसाठी लिहिलेला असेल, तर ६४-बिट पद्धतीच्या विंडोजमध्ये तो चढत नाही. २०२१ मध्ये आलेली 'विंडोज ११' तर केवळ ६४-बिट पद्धतीचीच आहे. त्यामुळे नवा चालक लिहिणे आले. तो लिहायचा कोणी? कंपनीला त्यात रस नसतो, कारण तिला नवा स्कॅनर विकायचा असतो. दुसऱ्या कोणाला लिहायचा म्हटले तर कप्प्यांची भाषा ठाऊक नाही. हत्ती धडधाकट आहे, पण माहूत भाषा बरोबर घेऊन निघून गेला आहे.

ही तक्रार नवी नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक नवा लेझर प्रिंटर आला. तेथे काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत एक उपयुक्त सुधारणा केली होती: कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांना त्यांच्या पडद्यावर तसा निरोप जाई. नव्या प्रिंटरमध्येही तशी सोय करावी, असे त्यांच्या मनात होते. पण त्याची मूळ आज्ञावली त्यांना मिळेना. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका गृहस्थांकडे ती होती, पण ती कोणाला न देण्याचे वचन त्यांनी दिलेले होते. स्टॉलमन रिकाम्या हाताने परतले. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. ज्याची आज्ञावली कोणालाही वाचता यावी, सुधारता यावी आणि वाटता यावी, अशा मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ येथून सुरू झाली. कागद अडकण्यासारख्या क्षुल्लक अडचणीतून केवढे मोठे काम उभे राहिले, पहा!

आज हा प्रश्न सर्वांत तीव्र झाला आहे तो ग्राफिक्स प्रोसेसरच्या बाबतीत. पडद्यावरचे चित्र रंगविणारा हा संगणकाचा भाग. त्याचे काम किती मोठे असते, ते तुम्हीच मोजून पहा. साधारण पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचे, तर प्रत्येक सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. हे काम एका हुशार गणितज्ञाला सांगण्याऐवजी हजारो विद्यार्थ्यांना वाटून दिले, की प्रत्येकाने एकेक सोपे गणित करायचे. ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये असे हजारो छोटे गणक एकाच वेळी राबत असतात. हवामानाचा अंदाज, औषधांचे संशोधन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांतील गणितेही अशीच वाटून घेता येतात. म्हणून खेळाच्या चित्रांसाठी जन्मलेले हे यंत्र आता विज्ञानाचे मोठे साधन बनले आहे.

अशा हजारो गणकांना कामे वाटणारा चालक फार गुंतागुंतीचा असतो. एनव्हिडिया या प्रसिद्ध अमेरिकन कंपनीने आपल्या प्रोसेसरांची भाषा अनेक वर्षे गुप्त ठेवली. त्यासाठी मुक्त चालक लिहू पाहणाऱ्या स्वयंसेवकांनी मग एक युक्ती केली. कंपनीचा चालक कोणत्या कप्प्यात कोणता आकडा टाकतो आणि त्यानंतर काय घडते, याची ते नोंद ठेवू लागले. जणू झाडाआड उभे राहून माहुताच्या खुणा टिपून घेणे! अशा चिकाटीतून 'नूवो' नावाचा चालक तयार झाला आणि २०१० मध्ये लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात त्याला स्थान मिळाले. पण पुढच्या काही प्रोसेसरांना कंपनीने असे कुलूप घातले, की कंपनीच्या सांकेतिक सहीवाचून त्यांचा वेगच वाढविता येईना. पूर्ण किंमत मोजून घेतलेला प्रोसेसर नूवोच्या हाती रांगतच राही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात या कंपनीवर जाहीरपणे अतिशय कडक शब्दांत टीका केली, ती काही उगीच नव्हे.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. कंपन्या म्हणतात, "भाषा उघड केली तर आमचे शोध प्रतिस्पर्धी चोरतील." हा आक्षेप गंभीर आहे, कारण संशोधनाला पैसा लागतो. पण शोधाच्या रक्षणासाठी समाजाने पेटंटची सोय केलेलीच आहे. आपल्या देशातही पेटंटची मुदत २० वर्षे असते. हा एक सरळ सौदा आहे: शोधकाने आपला शोध सर्वांना समजेल असा लिहून प्रसिद्ध करायचा, त्याबदल्यात ठरावीक काळ त्यावर एकट्याचा हक्क भोगायचा. म्हणजे रक्षण मिळते ते ज्ञान उघड केल्याबद्दल. चालकाच्या भाषेच्या बाबतीत मात्र कंपन्यांना बदला हवा आणि मोबदला द्यायला नको! शिवाय मी प्रोसेसरच्या रचनेचा आराखडा मागतच नाही. हत्तीच्या हाडामांसाचे गुपित तुमच्याजवळ राहू द्या. 'बैस' म्हणायला कोठे टोचायचे, एवढेच सांगा!

दुसरा आक्षेप असा, की कोणीही चालक लिहू लागला तर संगणक बंद पडतील. चालक ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बसून काम करतो, त्यामुळे त्याच्या एका चुकीने सारा संगणक ठप्प होऊ शकतो, हे अगदी खरे. पण गुप्त चालक चुकत नाहीत असे थोडेच आहे? २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर 'विंडोज ९८'चे प्रात्यक्षिक चालू होते. संगणकाला एक स्कॅनर जोडला, संगणक त्याला ओळखून चालक बसवू लागला, आणि पडदा निळा होऊन सारे बंद पडले! सभागृहात हशा पिकला. १९ जुलै २०२४ ची घटना मात्र हसण्यासारखी नव्हती. क्राउडस्ट्राइक कंपनीचा, चालकाप्रमाणेच गाभ्यात बसणारा, सुरक्षेचा एक कार्यक्रम एका सदोष फाइलमुळे कोसळला आणि जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्याकडील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. मुक्त आज्ञावलीतही चुका असतात, हे मान्य. पण जी चीज गाभ्यात बसते, ती तपासण्याचा मार्ग सर्वांना खुला असावा, एवढाच धडा मी यातून घेतो.

दार उघडल्याने धंदा बुडतो का? अनुभव तसा नाही. एएमडी या कंपनीने २००७ मध्ये आपल्या ग्राफिक्स प्रोसेसरांची माहितीपत्रके प्रसिद्ध करायचे ठरविले. ती कंपनी आजही जोमात आहे. मे २०२२ मध्ये खुद्द एनव्हिडियानेही लिनक्ससाठी आपल्या चालकाचा गाभ्यात बसणारा भाग खुला केला. हे दार अर्धेच उघडले, कारण चालकाचा बराच भाग अजून बंद आहे; तरीही कंपनीच्या भरभराटीला त्याने काही धक्का बसला नाही.

आणि भाषा सर्वांची असली की काय होते, हे तर तुम्ही रोज अनुभवता. १९९६ मध्ये यूएसबी या जोडणीचे नियम प्रसिद्ध झाले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे ती घडविणाऱ्या इंटेल कंपनीतील तंत्रज्ञांपैकी एक. माऊस आणि कळफलक यांनी कोणती भाषा बोलायची, हेही पुढे सर्वांसाठी ठरले. म्हणून आज कोणत्याही कंपनीचा माऊस आणा, जोडा आणि वापरा. माऊससाठी चालक शोधत हिंडल्याचे तुम्हाला आठवते का?

कोणी म्हणेल, जुन्या स्कॅनरसाठी एवढा आटापिटा कशाला? पण प्रश्न स्कॅनरपुरता नाही. परदेशातून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्याला सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. किल्ली दुसऱ्याच्या हाती असली की काय होते, हे आपण तेव्हा शिकलो. त्याच संस्थेचा 'परम सिद्धी-एआय' नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील ५०० महासंगणकांच्या यादीत ६३ व्या क्रमांकावर आला, आणि त्यात एनव्हिडियाचेच ग्राफिक्स प्रोसेसर आहेत. अशा यंत्रांची भाषा आपल्या तरुणांना मोकळेपणी शिकता आली पाहिजे. नाहीतर आपण जन्मभर नुसते हत्ती विकत घेत राहू.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. उपकरण विकणाऱ्याने त्याच्या कप्प्यांची भाषा छापून द्यावी. ते आज जमत नसेल, तर निदान ज्या दिवशी कंपनी त्या उपकरणासाठी नवे चालक देणे थांबवील, त्या दिवशी तरी ती प्रसिद्ध करणे कायद्याने बंधनकारक असावे. पैसे पूर्ण घेतले असतील तर वस्तूही पूर्ण द्यायला हवी.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर तुम्ही एक प्रयोग करा. सरांची परवानगी घेऊन टेबलाखालचा तो स्कॅनर बाहेर काढा, धूळ पुसा आणि लिनक्स असलेल्या संगणकाला जोडून पहा. 'सेन' नावाच्या मुक्त प्रकल्पात स्वयंसेवकांनी शेकडो जुन्या स्कॅनरांचे चालक लिहून ठेवले आहेत. तुमचा स्कॅनर त्यांत असेल, तर त्याचा दिवा पुन्हा सरकू लागेल. नसेल, तर काय? मग एखाद्या दिवशी तुमच्यापैकीच कोणीतरी चिकाटीने त्याच्या खुणा टिपून घेईल आणि नवा चालक लिहील.