अदृश्याचा जमाखर्च

भिवंडीहून कल्याणला दुर्गाडीच्या पुलावरून नित्य जा-ये करणाऱ्या हजारो माणसांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांचे तरुण सहकारी यांनी ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या, प्रत्येकी सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या या कल्याणच्याच परिसरात उभ्या करून सूर्याकडून येणाऱ्या रेडिओलहरींचा वेध घेण्यास आरंभ केला होता. आपल्या मुलखातील या उद्योगाचा उल्लेख आज क्वचितच कानी पडतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण त्याच प्रयत्नाची परंपरा पुढे उटकमंडच्या दुर्बिणीतून माळशेज घाटापलीकडे, नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीपर्यंत येऊन पोहोचली, आणि खोडदने विश्वरचनेच्या एका अत्यंत गहन प्रश्नाला हात घातला.

तो प्रश्न कृष्णद्रव्याचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, केवळ गुरुत्वाच्या ओढीवरून जाणवणाऱ्या द्रव्याचा. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांना दीर्घिकांच्या एका समूहात, आणि १९७० साली व्हेरा रुबिन व केंट फोर्ड यांना देवयानी दीर्घिकेत असे वेग आढळले की, दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने ते आवरले जाणे अशक्य होते. परंतु मोठ्या दीर्घिकेत ताऱ्यांचाच पसारा इतका अफाट असतो की ओढीचा कोणता हिस्सा दृश्याचा आणि कोणता अदृश्याचा, याची वाटणी करताना तंटा उरतोच. बटुदीर्घिकांची गोष्ट निराळी. तेथे तारे थोडे आणि मंद. १९८३ साली मार्क आरॉन्सन यांनी कालेय तारकासमूहातील अशा एका दीर्घिकेच्या अवघ्या तीन ताऱ्यांचे वेग काटेकोरपणे मोजले, आणि तेवढ्या तुटपुंज्या साक्षीवरूनही तेथे प्रकाशाच्या मानाने वस्तुमान फार अधिक असावे, असा पहिला संकेत मिळाला. पुढे सापडलेल्या सेग्यू-१ या दीर्घिकेचा सारा प्रकाश सुमारे तीनशे सूर्यांएवढाच आहे, आणि तरीही तिच्या ताऱ्यांचे वेग प्रकाशाच्या हिशेबाने हजारोपट वस्तुमानाची ग्वाही देतात.

खोडदच्या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. पोलादी तारांच्या जाळीने मढवलेल्या या तबकड्या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या असून त्या एकदिलाने एकाच लक्ष्याकडे पाहतात. हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी सोडतो, आणि त्या लहरींत पडणाऱ्या सूक्ष्म फरकावरून वायू किती वेगाने फिरत आहे, हे कळते. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि इगोर काराचेन्त्सेव यांनी सप्तर्षींच्या दिशेस, सुमारे एक कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एनजीसी ३७४१ या मंद बटुदीर्घिकेकडे ही दुर्बीण वळविली, तेव्हा तिची हायड्रोजनची तबकडी ताऱ्यांच्या दृश्य त्रिज्येच्या ८.३ पट दूरवर पसरलेली आढळली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, सूर्याच्या मापाने पाहता या दीर्घिकेचे वस्तुमान तिच्या प्रकाशाच्या सुमारे १०७ पट भरते.

येथेच थांबले असते, तर केवढा चमत्कार म्हणून त्याचा डांगोरा पिटता आला असता. पण या संशोधकांनी हिशेब पुरा केला. त्या दीर्घिकेतील दृश्य द्रव्याचा मोठा भाग ताऱ्यांत नसून वायूत आहे. तो वायू जमेस धरला की एकूण वस्तुमान दृश्य द्रव्याच्या आठपटीच्या आसपास येते, म्हणजे इतर दीर्घिकांसारखेच. शिलकेत तूट दिसताच चोरीचा बोभाटा न करता आधी प्रत्येक कोठार उघडून पाहणारा जुना मुनीम भिवंडीच्या व्यापाऱ्याला परिचित आहे. तीच सचोटी मला या संशोधनात दिसते. सर्व कोठारे तपासल्यावर जे सात हिस्से कोठेच सापडत नाहीत, त्यांनाच कृष्णद्रव्य म्हणावे. आणि ते कशाचे बनलेले आहे, हे अद्यापि जगातील कोणत्याही प्रयोगशाळेला सांगता आलेले नाही.

अशा क्षीण लहरी ऐकायच्या तर भोवताली रेडिओशांतता हवी. दुर्बिणीच्या परिसरातून जाऊ पाहणाऱ्या पुणे–नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीवरून नेमका हाच प्रश्न उपस्थित झाला. जुन्नर-नारायणगावच्या रयतेची रेल्वेची मागणी रास्त आहे, तिला विज्ञानाचा शत्रू ठरविणे अन्यायाचे होईल, आणि तिच्या सोयीची दुसरी तजवीज करणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. तथापि रूळ वळविता येतात, हायड्रोजनने कोणत्या तरंगलांबीवर बोलावे हे मात्र आपल्या हाती नाही. म्हणून दुर्बिणीच्या परिसराला धक्का लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि भिवंडीतील शाळांच्या चालकांना एक विनंती. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते आणि दुर्बीण सर्वसामान्यांस पाहावयास मिळते. कल्याण, मुरबाड, माळशेज, ओतूर असा रस्ता आहे. पहाटे निघाले तर मुले रात्री घरी परततात. त्यांना तेथे न्या, आणि जाताना कल्याण आले की त्या ३२ तबकड्यांची हकीकत त्यांना अवश्य सांगा.