नदीम–श्रवण : आरोप, निकाल आणि इतिहासाची भाषा

नदीम–श्रवण या संगीतकार जोडीविषयी समाजमाध्यमांवर दोन वाक्ये वर्षानुवर्षे फिरत आहेत. पहिले : ‘गुलशनकुमार यांचा खून नदीमने करविला.’ दुसरे : ‘लंडनच्या न्यायालयाने नदीमला निर्दोष ठरविले.’ दोन्ही वाक्ये सारख्याच ठामपणे लिहिली जातात. इतिहासाच्या अभ्यासकाने यांपैकी एकही लिहू नये, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा धागा. लांब आहे; सवडीने वाचा.

मित्रहो, आधी उदयाची हकिकत. नदीम अख्तर सैफी आणि श्रवण राठोड यांची गाठ १९७० च्या दशकात मुंबईत पडली. श्रवण यांचे वडील पंडित चतुर्भुज राठोड हे ध्रुपद गाणारे. जोडीचा पहिला चित्रपट हिंदी नव्हे, भोजपुरी : १९७७ चा ‘दंगल’. त्यानंतरची सुमारे बारा वर्षे म्हणजे छोटे चित्रपट, अपुरे काम आणि प्रतीक्षा. हा काळ आपण एका ओळीत ओलांडतो; त्या दोघांना तो रोज जगावा लागला होता.

त्यांचे नशीब फिरले ते एका वस्तूमुळे : कॅसेट. ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायावर तोवर एचएमव्हीची जवळजवळ मक्तेदारी होती. दिल्लीच्या दर्यागंजमध्ये वडिलांच्या फळांच्या रसाच्या दुकानात वाढलेल्या गुलशनकुमार यांनी ती मोडली. त्यांच्या टी-सीरीजच्या कॅसेटी स्वस्त होत्या आणि पानाच्या गादीवर, किराणा दुकानातही मिळत. जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घ्यायची, स्वामित्व कायद्यातील पळवाट वापरायची, भजने आणि आरत्या घरोघरी पोहोचवायच्या, अशी त्यांची रीत. त्यांना कोणी चाचेगिरी करणारा म्हटले, कोणी गरिबांपर्यंत संगीत नेणारा. माझ्या दृष्टीने दोन्हीत तथ्य आहे.

या कॅसेटीच्या लाटेवर १९९० मध्ये ‘आशिकी’ आला. नायक-नायिकेचे चेहरे कोटाखाली झाकलेले ते भित्तिचित्र आठवा. नट नवे होते. विकली जात होती ती गाणी. समीर यांचे शब्द, कुमार सानू आणि अनुराधा पौडवाल यांचे स्वर आणि नदीम–श्रवण यांच्या चाली. कर्जत–नेरळ पट्ट्यातील ज्यांचे बालपण त्या दशकात गेले, त्यांना घरातील वडीलधाऱ्यांना विचारता येईल की लग्नाच्या मांडवात आणि माथेरानच्या टॅक्सीत तेव्हा काय वाजत असे.

पुढे ‘साजन’, ‘दीवाना’, ‘राजा हिंदुस्तानी’. ‘आशिकी’ धरून चार वेळा फिल्मफेअर पुरस्कार. ८ ऑगस्ट १९९७ रोजी सुभाष घई यांचा ‘परदेस’ प्रदर्शित झाला आणि त्याचीही गाणी गाजली. ही तारीख लक्षात ठेवा.

चौथ्या दिवशी, १२ ऑगस्टला सकाळी, अंधेरी पश्चिमेतील जीतेश्वर महादेव मंदिरात पूजा करून बाहेर पडलेल्या गुलशनकुमार यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. ते वाचले नाहीत. त्यांच्या वाहनचालकालाही गोळ्या लागल्या. त्याच वर्षी निर्माते मुकेश दुग्गल यांची हत्या झाली होती आणि दिग्दर्शक राजीव राय यांच्यावर हल्ला झाला होता. खंडणीचा दूरध्वनी येणे ही तेव्हाच्या चित्रपटसृष्टीत नित्याची बाब झाली होती. ही पार्श्वभूमी सोडून केवळ एका संगीतकाराच्या रागाची गोष्ट सांगणे म्हणजे नकाशा बाजूला ठेवून लढाई समजावण्यासारखे आहे.

तरीही गोष्ट रागाचीच झाली. ऑगस्ट संपता संपता मुंबई पोलिसांनी नदीम यांचे नाव जाहीरपणे घेतले. त्यांच्या ‘हाय अजनबी’ या स्वतंत्र अल्बमची टी-सीरीजने पुरेशी प्रसिद्धी केली नाही, म्हणून त्यांनी गुन्हेगारी टोळीकरवी हा खून घडविला, अशी पोलिसांची मांडणी होती. नदीम तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनी आरोप नाकारला. सप्टेंबरमध्ये तेथे त्यांना अटक झाली आणि भारत सरकारने त्यांच्या प्रत्यर्पणाची मागणी केली.

आता दुसऱ्या वाक्याकडे येऊ. लंडनमध्ये खालच्या न्यायालयाने आधी प्रत्यर्पणाच्या बाजूने कौल दिला होता. तो डिसेंबर २००० मध्ये तेथील उच्च न्यायालयाने फिरविला. गुन्ह्यात आपण सहभागी होतो असे सांगणाऱ्या ज्या साक्षीदारावर आरोपाची मुख्य भिस्त होती, त्याच्या जबाबावर न्यायाधीशांचा विश्वास बसला नाही. हा आरोप न्यायाच्या हितासाठी, सद्भावनेने केलेला नाही, असे त्यांनी नोंदविले. पुढे हाऊस ऑफ लॉर्ड्सनेही भारताला अपिलाची परवानगी दिली नाही.

हा निर्णय भारतीय तपासयंत्रणेला लाजिरवाणा होता, यात शंका नाही. पण त्या न्यायालयापुढे प्रश्न कोणता होता, हे पाहिले पाहिजे. ‘या माणसाने खून करविला का?’ हा तो प्रश्न नव्हता. ‘या कागदांच्या आधारे याला भारताच्या हवाली करणे न्याय्य ठरेल का?’ हा होता. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले. ते निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र नव्हे. प्रत्यर्पणाची सुनावणी आणि खटला यांतील हा भेद ज्यांना क्षुल्लक वाटतो, त्यांनी इतिहासातील कोणताही महजर किंवा निवाडा वाचताना जपून राहावे; तिथेही निवाडा कोणत्या मुद्द्यावर झाला हे न पाहता निष्कर्ष काढले की फसगत होते.

मुंबईत काय झाले? एप्रिल २००२ मध्ये सत्र न्यायालयाने एकोणीस आरोपींपैकी अठरा जणांना सोडले. त्यांत टिप्स कंपनीचे रमेश तौरानी होते. एकट्या अब्दुल रऊफ मर्चंटला जन्मठेप झाली. तो पुढे तात्पुरत्या सुटकेवर बाहेर पडून बांगलादेशात पळाला, तेथे पकडला गेला आणि २०१६ मध्ये परत आणला गेला. १ जुलै २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याची जन्मठेप कायम केली, त्याचा भाऊ अब्दुल रशीद याची सुटका रद्द करून त्यालाही जन्मठेप दिली आणि तौरानी यांची निर्दोष मुक्तता कायम ठेवली.

म्हणजे न्यायालयात जे सिद्ध झाले त्यातून गोळ्या झाडणारे हात दिसतात. आरोपपत्राने ज्यांना सूत्रधार म्हटले, त्यांपैकी कोणालाही या खुनासाठी शिक्षा झालेली नाही. नदीम यांच्यावर तर खटलाच चालला नाही. ते भारतात आले नाहीत, म्हणून त्यांच्या बाजूने वा विरुद्ध अंतिम शब्द कोणीच उच्चारला नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे : ‘निर्दोष होता तर परत का आला नाही?’ प्रश्न स्वाभाविक आहे. पुरावा म्हणून तो शून्य आहे. तपासावर अविश्वास असलेला निरपराध माणूसही दूर राहतो आणि अपराधीही. एकाच वर्तनातून दोन विरुद्ध अनुमाने निघत असतील तर त्या वर्तनाने काहीच ठरत नाही. उलट बाजूच्या चाहत्यांनाही हेच सांगेन. चाल गोड आहे म्हणून चालकर्ता निष्पाप, हे अनुमान तर त्याहून दुबळे.

तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण. वेल्समधील लॉस्टप्रॉफेट्स या रॉक बँडचा गायक इयन वॉटकिन्स. २००६ मध्ये त्यांचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. २०१३ मध्ये त्याने बालकांवरील अत्यंत गंभीर लैंगिक गुन्ह्यांची कबुली दिली आणि त्याला २९ वर्षांचा कारावास झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये वेकफील्डच्या तुरुंगात त्याचा खून झाला. त्याच्याविषयी ‘गुन्हेगार’ हा शब्द लिहिताना क्षणभरही थांबावे लागत नाही. थांबावे लागते ते दुसऱ्या ठिकाणी : त्याच्याविरुद्धच्या तक्रारी २००८ पासून पोलिसांकडे येत होत्या आणि त्यांची योग्य दखल घेतली गेली नाही, असे पुढे चौकशीत आढळले. तिथे कीर्तीने तक्रारदारांचा आवाज दाबला. इथे कीर्तीने आरोपाला असा काही आवाज दिला की पुरावा त्याखाली ऐकूच आला नाही. आमच्याकडे नाव आधी जाहीर झाले आणि ते सिद्ध करायचे राहूनच गेले.

नेरळकरांना हे वेगळे सांगायला नको. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी धारातीर्थी पडलेले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रज सरकारच्या लेखी फरारी गुन्हेगार होते. मी माणसांची तुलना करीत नाही. कोणी तशी ओढून आणू नये. तुलना कागदाची आहे. ‘फरारी’ हा शब्द लिहिणारी लेखणी कोणाची, हे आपण कोतवालांच्या बाबतीत आवर्जून विचारतो. मग १९९७ चा कागद हाती आला की विचारायचे का थांबतो?

आता ‘अधःपतना’विषयी थोडे. खुनाच्या आरोपाने जोडी एका रात्रीत संपली, असेही सर्रास लिहिले जाते. ‘धडकन’ २००० चा आणि ‘राज’ २००२ चा. दोन्ही चित्रपटांची गाणी तुफान चालली, आणि ती नदीम परदेशात व श्रवण मुंबईत अशा स्थितीत तयार झाली. जोडी फुटली ती २००५ मध्ये. तोवर ए. आर. रहमान यांनी चित्रपटसंगीताचा नाद बदलून टाकला होता, कॅसेटचे युग मावळत होते आणि त्या युगाबरोबर त्याचे नायकही मागे पडत होते. आरोपाने त्यांचे घर, शहर आणि लौकिक हिरावला हे खरे. पण काळाने जे केले ते आरोपाच्या खात्यावर टाकणे हा आळशी इतिहास आहे.

२००९ मध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’साठी दोघांची नावे पुन्हा एकत्र आली. त्या पुनर्मीलनातून फारसे काही निघाले नाही.

एप्रिल २०२१ मध्ये करोनाने श्रवण राठोड यांचे मुंबईत निधन झाले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत उच्च न्यायालयाचा तो निकाल आला. त्यात दोन मर्चंट बंधूंना जन्मठेप आहे आणि तौरानी यांची सुटका आहे. नदीम सैफी दोषी की निर्दोष, याचा निवाडा त्यातही नाही.