भोक पाडलं म्हणजे बेगल होत नाही

गेल्या शनिवारी घरी बेगल केले. म्हणजे खरं तर दुसऱ्यांदा केले. पहिल्यांदा जे झालं होतं ते मधे भोक असलेले पाव होते. चव बरी होती, पण पाव तो पावच!

चूक साधी होती. भाजण्याआधी बेगल उकळत्या पाण्यात सोडा, असं रेसिपीत लिहिलं होतं. मला वाटलं, हे काहीतरी जुन्या काळचं खूळ असणार. ओव्हन आहे ना, मग पाणी कशाला? उडवली ती स्टेप. आमच्या धंद्यात हे नेहमीचंच. दुसऱ्याच्या कोडमधली एखादी ओळ कशासाठी आहे ते कळत नाही, म्हणून आपण ती काढून टाकतो, आणि मग रात्री दोनला फोन येतो.

पाण्यात काय होतं ते मग वाचलं. बाहेरच्या पिठातला स्टार्च फुगतो आणि त्याचा खळीसारखा थर बसतो. ओव्हनमध्ये हा थर बेगलला फार फुगू देत नाही. म्हणून तो आतून घट्ट, चिवट आणि बाहेरून चकचकीत. माँट्रियलवाले तर त्या पाण्यात मध घालतात.

मूळचा हा पोलंडमधल्या ज्यूंचा पदार्थ. क्राकोच्या ज्यू समाजाच्या १६१० च्या नियमांत त्याचा उल्लेख सापडतो. पुढे तो न्यूयॉर्कला गेला. तिथे हाताने बेगल वळणाऱ्या कारागिरांची 'लोकल ३३८' नावाची युनियन होती, सभासद सुमारे ३००. १९६० च्या दशकात डॅनियल थॉम्पसनचं बेगल वळायचं यंत्र बाजारात आलं आणि युनियनचा जोर ओसरला. त्या कारागिरांबद्दल वाईट वाटतं. पण यंत्राला शिव्या घालायला माझी जीभ रेटत नाही. माणसं हाताने करतात ती कामं कॉम्प्युटरकडून करून घेणं, हीच तर माझी नोकरी!

माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. बऱ्याच कारखान्यांनी पाणीही काढून टाकलं. ओव्हनमध्येच वाफ सोडतात, झालं काम. बेगल हाताने वळला की यंत्राने, हे एक वेळ चालून जाईल. पण उकळणं काढलं की पदार्थच बदलतो. मेहनत जरूर वाचवावी, पण ती कशासाठी होती हे आधी विचारावं.

ह्या वेळी नीट केलं. अर्धा किलो मैदा (आपल्या मैद्यात ग्लुटेन कमी, म्हणून वर दोन चमचे ग्लुटेन), पाणी पाऊण कप कमी अर्धा लिटर नाही, फक्त २७५ मिली, यीस्ट, मीठ, चमचाभर साखर. बारा मिनिटं मळून हात भरून आले. आठ कडी वळून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी प्रत्येक बाजूने पाऊण मिनिट उकळत्या पाण्यात, मग २२० डिग्रीला वीस मिनिटं. दात लावल्यावर बेगलने चक्क विरोध केला. जमलं!

आईला फोनवर कौतुकाने सगळं सांगितलं. आम्ही खानदेशातले. ती म्हणाली, "अरे, त्यात एवढं काय? बट्ट्या नाही का आपण आधी उकडतो आणि मग तळतो?"

जन्मभर बट्ट्या खाल्ल्या, पण आधी का उकडतात हे कधी विचारलं नव्हतं. ह्या वेळी विचारलं.

"न उकडता तळून बघ एकदा," ती म्हणाली, "म्हणजे कळेल."