क्रूझचे तिकीट स्वस्त, सहल महाग? बॅग भरण्याआधी हा हिशेब करा

*'पासून' या एका शब्दात किती खर्च दडलेला असतो, बॅगेत काय हवे, काय नको आणि फसगत झाली तर दाद कुठे मागायची?*

सावेडीपासून समुद्र सुमारे अडीचशे किलोमीटर लांब आहे. तरीही सुट्ट्या जवळ आल्या की क्रूझच्या जाहिराती सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागतात. पाइपलाइन रोड असो की प्रोफेसर कॉलनी, आई-वडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, निवृत्तीचे पैसे हातात आल्यानंतरची पहिली मोठी सहल किंवा मुलांचा हट्ट, अशा निमित्ताने 'मुंबई-गोवा क्रूझ' आता मध्यमवर्गीय घरांच्या यादीत आली आहे.

यात गैर काहीच नाही. अडचण आहे ती किमतीची. जाहिरातीत ठळक दिसते ती सहलीची किंमत नसते, ती फक्त जहाजावर चढण्याची किंमत असते. वरचा खर्च कुठे वाढणार, हे ज्याला घरातून निघण्यापूर्वी कळते त्याची सहल आवाक्यात राहते. बाकीच्यांना ते शेवटच्या रात्रीच्या बिलावर कळते. म्हणून क्रूझवरची खरी बचत जहाजावर नव्हे, घरी बसून, कागद-पेन घेऊन करायची असते.

आता इतकी चर्चा का?

ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' या बोटीने मुंबई-गोवा समुद्री प्रवास पुन्हा सुरू केला. २०१९ मध्ये 'जलेश'चे 'कर्णिका' हे मोठे जहाज आले, पण करोनाच्या फटक्यात ती कंपनी २०२०मध्येच बंद पडली. सप्टेंबर २०२१ पासून 'कॉर्डेलिया'चे 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून फेऱ्या करू लागले. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले. २०२९ पर्यंत समुद्री क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करणे हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. मुंबई बंदरातील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही सप्टेंबर २०२५ मध्ये झाले.

हे वाढीव प्रवासी केवळ दक्षिण मुंबईतून येणार नाहीत. ते नगर, नाशिक, सोलापूर, संभाजीनगर अशा शहरांतून येतील. आयुष्यात पहिल्यांदा जहाजावर पाय ठेवणाऱ्या या माणसाला किंमत पूर्ण आणि सरळ भाषेत कळली पाहिजे.

'पासून' या शब्दाची फोड

समजा, जाहिरातीत 'प्रतिव्यक्ती २०,००० रुपयांपासून' असे लिहिले आहे. चौघांच्या कुटुंबाने मनात ८०,००० रुपयांचा आकडा धरला. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. जहाज, हंगाम आणि केबिन यांनुसार ते बदलतील, पण रीत हीच राहील.

- मूळ भाडे : ८०,०००
- कर, बंदर शुल्क, सेवा शुल्क : २०,०००
- नगर-मुंबई जाणे-येणे, मुंबईतील एक मुक्काम : ८,०००
- गोव्यात उतरून फिरणे : ६,०००
- जहाजावरचे किरकोळ (थंड पेये, वाय-फाय, फोटो, मुलांचे खेळ) : १०,०००

बेरीज होते १,२४,००० रुपये. म्हणजे माणशी २०,००० नव्हे, ३१,०००. दीडपट हिशेब! यात कुणी लबाडी केली असेलच असे नाही, पण हा आकडा बुकिंगच्या दिवशी समोर असता, तर कुटुंबाने कदाचित केबिन किंवा तारीख बदलली असती.

म्हणून एजंटला एकच प्रश्न विचारा : 'आमच्या चौघांचे, सगळे कर आणि शुल्क धरून, शेवटचे किती?' उत्तर तोंडी नको. ते मेसेजवर किंवा ई-मेलवर घ्या.

बुकिंग करताना कुठे वाचतील?

- केबिन : खिडकी नसलेली आतली केबिन सर्वांत स्वस्त असते. दिवसभर डेकवर राहणाऱ्यांसाठी ती पुरते. ज्येष्ठांना दिवसरात्र आत बसायचे असेल, तरच खिडकीचे जादा पैसे मोजा.
- एकाच केबिनमध्ये चौघे : तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाचे भाडे बहुधा कमी असते. दोन केबिन घेण्याआधी हा पर्याय विचारा.
- तारीख : दिवाळी, नाताळ, ३१ डिसेंबर आणि मे महिना महाग. शाळेचे बंधन नसलेल्या ज्येष्ठ जोडप्यांनी आठवड्याच्या मधल्या दिवसांतली फेरी पाहावी.
- रद्द करण्याचे नियम : किती दिवस आधी रद्द केले तर किती पैसे कापणार, हे पैसे भरण्याआधी वाचा. भाडे कमी असते तिथे परतावा शून्य असण्याची शक्यता जास्त.
- परदेशी क्रूझ : सिंगापूर किंवा युरोपातून निघून, मध्ये दुसऱ्या देशात जाऊन, पुन्हा तिथेच परतणारी फेरी असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. व्हिसा काढतानाच हे तपासा. परदेशी पॅकेजवर टीसीएस कापला जातो. तो वाया जात नाही. प्राप्तिकर विवरणपत्र भरताना त्याचे श्रेय मिळते, फक्त नोंद पॅन क्रमांकावर झाली आहे ना ते पाहा.

दोन बॅगा, दोन कामे

विमानतळावर बॅग आपल्यासोबतच उतरते. जहाजावर तसे नसते. मोठी बॅग टर्मिनलवर जमा होते आणि केबिनच्या दारात काही तासांनी पोहोचते. तोपर्यंत तुम्ही जहाजावर असता, पण सामान नसते. म्हणून पाठीवरच्या छोट्या पिशवीत या वस्तू हव्यातच :

- मूळ ओळखपत्र, बोर्डिंग पास, परदेशी फेरी असेल तर पासपोर्ट
- रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांची रोजची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी
- मुलांचा एक कपड्यांचा जोड, पोहण्याचे कपडे
- फोन, चार्जर, चष्मा

औषधांचा विषय हलक्यात घेऊ नका. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची तपासणी फुकट नसते आणि तुमच्या नेहमीच्या कंपनीची गोळी तिथे मिळेलच असे नाही. दोन दिवसांच्या फेरीलाही चार दिवसांची औषधे न्या. घरची मेडिक्लेम पॉलिसी जहाजावरच्या उपचारांना लागू होते का, हे विमा एजंटला विचारून ठेवा. परदेशी फेरी असेल तर प्रवास विमा टाळू नका.

मोठी बॅग शक्यतो मऊ घ्या. केबिन लहान असते. रिकामी झालेली मऊ बॅग घडी करून पलंगाखाली जाते, कडक सुटकेस चालायच्या वाटेत उभी राहते.

शे-दोनशे रुपयांच्या कामाच्या वस्तू

- चुंबकी हुक : बहुतेक जहाजांच्या केबिनच्या भिंती पोलादी पत्र्याच्या असतात. चुंबकी हुक चिकटतात आणि ओले टॉवेल, टोप्या, पिशव्या टांगता येतात.
- युनिव्हर्सल ॲडॉप्टर : अनेक जहाजांवर अमेरिकी चपट्या किंवा युरोपीय दोन गोल पिनांचे सॉकेट असते. आपला तीन पिनांचा प्लग त्यात बसत नाही.
- अनेक पोर्टचा यूएसबी चार्जर : सॉकेट एक-दोनच असतात आणि फोन चार.
- सेलवर चालणारा छोटा दिवा : आतल्या केबिनमध्ये दिवा घालवला की अमावास्येचा अंधार होतो. रात्री उठणाऱ्या ज्येष्ठांसाठी हा दिवा गरजेचा आहे.
- पाण्याची रिकामी बाटली : भरून घेण्याची सोय असते. प्रत्येक वेळी बाटलीबंद पाणी घेतले, तर बिल फुगते.
- पातळ स्वेटर किंवा शाल : भोजनगृह आणि नाट्यगृहात एसी चांगलाच गार असतो.

ही यादी घरीच ठेवा

सहलीला निघताना नगरी कुटुंबाच्या बॅगेत हमखास असणाऱ्या काही वस्तू जहाजाच्या सुरक्षा तपासणीत अडतात. विजेची किटली, पाणी तापवायचा रॉड आणि इस्त्री या वस्तू आगीच्या भीतीने काढून घेतल्या जातात. उदबत्ती, कापूर, मेणबत्ती, काडेपेटी आणि लायटर यांनाही बहुतेक जहाजांवर मनाई आहे. रोजची पूजा असेल तर ती दिव्याविना करावी लागेल, याची कल्पना ज्येष्ठांना आधीच द्या. सुरी, अडकित्ता, मोठी कात्रीही नको.

एक्स्टेन्शन बोर्डवरील बंदी अनेकांना विचित्र वाटते. त्यामागे कारण आहे. घरात एक तार फेजची, दुसरी न्यूट्रल असते. अनेक जहाजांच्या वीजरचनेत मात्र दोन्ही तारांमध्ये दाब असतो. घरासाठी बनवलेला, विशेषतः सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड तिथे तापून पेट घेऊ शकतो. भर समुद्रात आगीसारखे दुसरे संकट नाही.

घरचे शिजवलेले अन्न बहुतेक कंपन्या वर नेऊ देत नाहीत. बाळाचे अन्न आणि पथ्याचे पदार्थ याला अपवाद असू शकतात, पण आधी लेखी विचारा. शाकाहारी आणि जैन जेवण हवे असेल, तर बुकिंगवेळीच नोंदवा.

बोट लागली तर?

माळशेज घाटात ज्यांना एसटी लागते, त्यांना बोटही लागू शकते. जहाज पुढे-मागे झुलते तेव्हा टोकाचा भाग सर्वांत जास्त हलतो आणि मध्यभाग कमी. म्हणून असा त्रास असणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन मागावी. ती सहसा महागही नसते. गोळी कोणती घ्यायची हे डॉक्टरांना नगरमध्येच विचारा आणि मळमळ सुरू होण्याआधी ती घ्या. नंतर तिचा उपयोग कमी होतो. सोबत आलेपाक असू द्या.

कार्ड दिसते छोटे, बिल मोठे

जहाजावर रोख चालत नाही. केबिनची किल्ली असलेले कार्डच पाकीट असते. मुलाने आइस्क्रीम किंवा थंड पेय घेतले, कार्ड दाखवले, खर्च नोंदला गेला. पैसे हातातून जात नाहीत, म्हणून जाणवत नाहीत.

- पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात जाऊन मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालून घ्या.
- रोज रात्री खात्याचा तपशील पाहा. चुकीची नोंद दुसऱ्या दिवशी सहज निघते. उतरण्याच्या सकाळी रांगेत ते जमत नाही.
- खात्याला डेबिट कार्ड जोडणे टाळा. कंपनी काही रक्कम रोखून धरू शकते आणि ती खात्यात मोकळी व्हायला काही दिवस लागू शकतात.
- परदेशी जहाजावर 'रुपयांत भरू का?' असे विचारले, तर नाही म्हणा. रुपयांत बदलण्याचा तिथला दर बहुधा महाग असतो.
- फोटोग्राफरने काढलेला प्रत्येक फोटो विकत घ्यायचा नसतो.

फोनचेही तसेच. किनारा मागे पडला की नेहमीचे नेटवर्क जाते आणि फोन जहाजाचे उपग्रहावरचे नेटवर्क पकडू शकतो. साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा धरलेले नसते. जहाजावर चढताच फोन एरोप्लेन मोडवर टाका. दोन दिवस स्टेटस टाकले नाही तर काही बिघडत नाही. घरच्यांना परतीची वेळ सांगून निघा.

गोव्यात उतरल्यावर

जहाज मुरगाव बंदरात लागते. ते वास्कोजवळ आहे, पणजी तिथून सुमारे ३० किलोमीटर. कंपनीची सहल सोयीची असते, पण माणशी दर असल्याने चौघांना महाग पडते. चौघांत एक टॅक्सी ठरवणे किंवा वास्कोहून कदंबची बस धरणे स्वस्त पडते. एक धोका मात्र लक्षात ठेवा. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. परतण्याच्या वेळेआधी किमान दीड-दोन तास बंदराकडे वळा.

सावेडी ते बॅलार्ड पियर

सर्वांत महागात पडणारी चूक समुद्रावर नव्हे, रस्त्यावर होते. जहाज सुटण्याच्या बरेच आधी प्रवेश बंद होतो आणि चुकलेल्या प्रवाशाला पैसे परत मिळत नाहीत. सकाळी तारकपूरहून एसटी पकडून त्याच दुपारी जहाज गाठण्याचा बेत म्हणजे घाटातल्या कोंडीवर लाखभर रुपये लावणे. आदल्या रात्री निघा किंवा मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करा. हॉटेलचे दोन-तीन हजार इथे वाचवू नका.

परतीच्या आदल्या रात्री मोठी बॅग केबिनबाहेर ठेवायची असते. सकाळी घालायचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढा. झोपायच्या कपड्यांत मुंबईत उतरणारे दरवेळी कुणी ना कुणी असतातच.

फसगत झाली तर?

आधी कमी किंमत दाखवून टप्प्याटप्प्याने ती वाढवत नेणे, याला 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई आहे. ही त्यांतलीच एक.

तक्रारीची पहिली पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे भागले नाही, तर मुंबईला खेटे घालण्याची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे कंपनी मुंबईची असली, तरी सावेडीचा ग्राहक अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. मात्र त्यासाठी जाहिरातीचा स्क्रीनशॉट, एजंटचे मेसेज आणि पावत्या जपलेल्या हव्यात.

सरकारला क्रूझ प्रवासी दुप्पट हवे आहेत. मग टर्मिनल जितके चकचकीत, तितकीच जाहिरातही स्वच्छ हवी. 'सगळे धरून एकूण किती' हा आकडा ठळक छापण्याची सक्ती झाली पाहिजे आणि स्थानिक एजंटांनी सक्तीची वाट न पाहता तो आजपासून द्यायला हरकत नाही. ज्या घरात अशी सहल दहा वर्षांतून एकदा होते, तिथे न सांगितलेले दहा-वीस हजार म्हणजे मुलाच्या क्लासची फी असते. समुद्र बघायला गेलेल्या माणसाने शेवटच्या दिवशी फक्त बिल बघत बसावे, अशी वेळ त्याच्यावर येऊ नये.